पहिला स्लॉट

चि. मैत्रेयीस,


महोत्सवात तुमच्या बँडला दुपारचा अगदी पहिला स्लॉट मिळाला आणि तू खट्टू झाली आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. पंक वाजवायचं, त्यात मध्येच ताल सोडून नुसत्या आवाजांचे प्रयोग करायचे. अशा नव्या पोरांना संध्याकाळची वेळ कुणी देत नाही. पण त्या स्लॉटला कमी लेखू नकोस.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका तळघरात ‘100 क्लब’ आहे. तिथे 1976 साली 20 आणि 21 सप्टेंबरला पंक बँडचा महोत्सव झाला. वार सोमवार-मंगळवार, म्हणजे गर्दीचेही नव्हेत. सेक्स पिस्टल्स, द क्लॅश, द डॅम्ड, बझकॉक्स अशी मंडळी वाजवायला होती. आज ही नावं संगीताच्या इतिहासात आहेत. त्या दिवशी यांतल्या एकाचीही रेकॉर्ड बाजारात आलेली नव्हती.

पहिल्या रात्री सूझी अँड द बॅन्शीज हा बँड आयुष्यात प्रथमच स्टेजवर चढला. खास त्या दिवसापुरता जमवलेला. ड्रम्सवर सिड व्हिशस. एकही गाणं बसवलेलं नव्हतं. ख्रिस्ती प्रार्थनेचे शब्द धरून त्यांनी वीसेक मिनिटं जे सुचेल ते वाजवलं, आणि सूझी गात राहिली. त्या वीस मिनिटांतून पुढे तब्बल 1996 पर्यंत चाललेला बँड उभा राहिला. मात्र यावरून तालमीची गरज नाही, असं समजू नकोस. त्यांचा पहिला अल्बम यायला 1978 उजाडलं. मधली दोन वर्षं त्यांनी ठिकठिकाणी वाजवून स्वतःचा आवाज घडवला. त्या वीस मिनिटांनी त्यांना सुरुवात करायची मुभा दिली. बाकीचं त्यांनी कमावलं.

दुसऱ्या रात्री मात्र वाईट घडलं. प्रेक्षकांतून भिरकावलेला ग्लास फुटला आणि एका तरुणीच्या डोळ्याला इजा झाली. ग्लास फेकल्याच्या संशयावरून सिडला पोलिसांनी पकडलं, क्लबनं पंक बँडना दार बंद केलं. संतापाचं संगीत वाजवणाऱ्यांनी हे विसरू नये. तुमच्यासमोर नाचणाऱ्यांत कुणी पडलं, तर गाणं तिथेच थांबवा.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते मँचेस्टरचे बझकॉक्स. महोत्सव संपल्यावर लंडनच्या कंपनीची वाट बघत ते बसले नाहीत. घरच्यांकडून, मित्रांकडून पाचएकशे पौंड उसने घेतले, डिसेंबरअखेर एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी 1977 मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही ईपी स्वतःच्याच ‘न्यू हॉर्मोन्स’ लेबलवर काढली. पहिल्या खेपेला 1000 प्रती. कुठलं गाणं कितव्या टेकला जमलं, हेही वेष्टनावर छापलं. रेकॉर्ड कशी होते हे त्यांनी झाकून ठेवलं नाही. वेष्टनावरची ती माहिती वाचून दुसऱ्या पोरांना आपणही काढू शकतो असं वाटलं, आणि इंग्लंडभर छोटी लेबलं निघाली.

हे काही साहेबाच्या देशातच घडत होतं असं नाही. त्याच 1976 साली मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींच्या ‘क्लिअरिंग हाउस’नं ‘जेजुरी’ हा कवितासंग्रह छापला. प्रकाशकाच्या दारात उभं राहण्यापेक्षा कवींनीच प्रकाशन काढलं. त्याआधी आपल्याकडच्या अनियतकालिकांनीही पदरमोड करून, सायक्लोस्टाइल करून हेच केलं होतं. तू ज्या वाटेनं निघाली आहेस ती तुझ्या भाषेलाही ठाऊक आहे.

म्हणून सांगतो, समोर माणसं किती आहेत ते मोजू नका. नवीन, अर्धवट वाटणारं गाणं त्याच स्लॉटमध्ये वाजवून बघा. रात्रीच्या मोठ्या गर्दीपुढे तेवढी मोकळीक मिळत नाही. नंतरच्या बँडना ऐकायला थांबा, कानात इअरप्लग घालून. आणि आयोजक तुमचा सेट रेकॉर्ड करणार असतील, तर त्याचे हक्क कुणाकडे राहतील ते वाजवण्याआधी लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

तुझे,
आजोबा