तालीम : एक शब्द, दोन घरे

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि शाळेबाहेर पडलो की मराठीत जगतो. त्यामुळे काही शब्द आम्हाला दोनदा भेटतात. 'तालीम' हा त्यांतलाच एक. शाळेत तो फळ्यावर भेटतो. तिथे त्याचा अर्थ शिक्षण. शाळा सुटल्यावर घरी जाताना वाटेत एक जुनी कौलारू इमारत लागते. आत तांबड्या मातीचा हौद, भिंतीला टेकवलेल्या करेली, कोपऱ्यात मल्लखांब. तीही तालीमच. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिकवणे. उर्दूने तो पुस्तकापाशी ठेवला, मराठीने मातीत नेला. उस्तादाचेही तसेच झाले. उर्दूत पुस्तक शिकवणारा तो उस्ताद, मराठीत डाव शिकवणारा तो वस्ताद.

आमचे दादा या दुसऱ्या तालमीत जात. त्या काळी त्यात नवल नव्हते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर मल्लविद्येचे माहेरघर झाले, १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले आणि आसपासच्या गावोगावी मातीची हौस पसरली. कोल्हापुरात आजही कितीतरी तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. पण आमच्या अब्बांच्या पिढीला शिक्षणाची ओढ लागली आणि त्याबरोबर एक समजूतही घरात शिरली. शिकलेल्या माणसाने अंगाला माती लावायची नसते. आम्ही डी.एड., बी.एड. केले, नोकरीला लागलो, आणि ही समजूत न तपासताच पुढे चालवली. पहिल्या तालमीचे आम्ही झालो, दुसरीच्या दारावरून रोज जात राहिलो.

ही समजूत एका चढणीवर मोडली.

ज्यांनी आम्हाला अलिफ, बे गिरवायला शिकवले ते आमचे जुने गुरुजी वारले. जुम्म्याचा दिवस होता, जनाज्याला गर्दी होती. आमच्या गावचे कब्रस्तान उंचावर आहे. शेवटचा दीड-दोनशे पावलांचा रस्ता चढणीचा. खांदा द्यायला आम्ही पुढे झालो. ज्यांनी आमचा हात धरून अक्षर काढायला लावले, त्यांच्यासाठी एवढे तरी करावे अशी मनापासून इच्छा होती. पण तीसेक पावलांतच छाती धपापू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय लटपटले. मार्केट यार्डात हमाली करणारा एक तरुण शेजारून चालत होता. एके काळचा आमचाच विद्यार्थी. तो हळूच म्हणाला, "सर, द्या इकडे." आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी त्याने खांदा दिला.

त्याने आमची लाज राखली. पण आमची आम्हाला लाज वाटायची ती वाटलीच. वय पस्तीस. आजार कोणता नाही. इच्छा होती, प्रेम होते, श्रद्धा होती. नव्हते ते फक्त बळ. त्या दिवशी एक प्रश्न मनात बसला. ज्या इच्छेच्या मागे बळ नाही, तिची किंमत काय?

दुसऱ्याच दिवशी आम्ही बूट आणले. फजरनंतर कालव्याच्या कडेने धावायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी इतके धावलो की जिना उतरताना कठडा धरावा लागला. नऊ दिवस हे चालले. दहाव्या दिवशी पाऊस आला, अकराव्या दिवशी घटक चाचणीचे पेपर तपासायचे होते, मग मतदारयादीचे काम आले. बूट दाराआड गेले. लाज मोठी होती, पण तिचे इंधन नऊ दिवसांचेच निघाले.

बहुतेकांचा अनुभव असाच असेल. कुणी डॉक्टरांच्या तोंडून साखरेचा आकडा ऐकून हबकतो, कुणी लग्नाच्या फोटोत स्वतःचे पोट पाहून. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे भीती वाटायला कारण नाही असे नाही. भीती वाटतेही. पण भीतीने उठलेला माणूस भीती ओसरली की पुन्हा निजतो. मग आम्ही म्हणतो, 'काय करणार, प्रेरणाच मिळत नाही.' जणू प्रेरणा ही पावसासारखी वरून पडायची गोष्ट आहे आणि तोवर आपण हात बांधून बसायचे आहे.

एका संध्याकाळी आम्ही त्या दुसऱ्या तालमीची पायरी चढलो. वस्ताद सत्तरीचे आहेत. दादांना त्यांनी लहानपणी पाहिलेले. आम्ही आमची अडचण सांगितली. सकाळी मनच होत नाही, काय करावे? ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या शाळंत पोरं रोज मनानं येत्यात व्हय? घंटा हुती म्हणून येत्यात. मन मागनं लागतंय."

बी.एड.ला अध्ययनाची प्रेरणा या विषयावर आम्ही चांगली उत्तरे लिहिली होती. त्या उत्तरांत ही घंटा नव्हती. पण विचार केला तर रोज आमच्या डोळ्यांपुढे हेच घडत असते. पहिलीतले मूल आवड आहे म्हणून पाटी धरत नाही. ते रडत येते, गिरवते, पुसते, पुन्हा गिरवते. एक दिवस स्वतःचे नाव लिहिता येते आणि त्या दिवसापासून आवड सुरू होते. आवड आधी आणि सराव नंतर, असा आपला समज. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो.

ही काही आजची गोष्ट नाही. ॲरिस्टॉटलने सद्गुणांबद्दल हेच म्हटले होते की न्यायाची कृत्ये करत राहूनच माणूस न्यायी होतो. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'इह्या'मध्ये दाखला दिला आहे तो तर आम्हा शिक्षकांच्याच कामातला. ज्याला सुंदर अक्षराचा कातिब व्हायचे आहे, त्याने आधी कातिबासारखे अक्षर गिरवत राहावे. प्रथम ते ओढूनताणून काढावे लागते, पुढे तो स्वभाव होऊन जातो. हदीसमध्येही असा आशय आहे की अल्लाहला ते काम अधिक प्रिय, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते. आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० च्या सुमारास सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही असेच काही आढळले. एखादी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला आठ महिन्यांहून अधिक लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही दिसले. आम्ही नवव्या दिवशी हरलो आणि दहाव्या दिवशीच्या पावसाला दोष दिला. खरी चूक बाराव्या दिवशी घरी बसून राहण्यात होती.

वस्तादांनी आम्हाला काम दिले ते पाच जोर आणि दहा बैठका. आम्हाला हसू आले. ते म्हणाले, "अकरावी मारायची न्हाई. अंग दुखलं की उद्या येणार न्हाईसा." आठवड्याने दोन वाढवल्या, मग आणखी दोन. महिनाभराने जिना चढताना दम लागेनासा झाला. अंगावर मांस मात्र दिसत नव्हते. हे कसे, म्हणून वाचले तेव्हा कळले की सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारे बळ स्नायू जाड होण्याने कमी आणि मेंदू व मज्जातंतू त्यांना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून अधिक येते. म्हणजे शरीर पहिल्यांदा शिकते, फुगते नंतर. तालीम शब्दाची दोन घरे आम्हाला इथे एकाच भिंतीला लागून दिसली.

आता खरा प्रश्न. बळ कमवायचे ते कशासाठी? घंटा माणसाला दारापर्यंत आणते, पण वर्षानुवर्षे टिकायचे तर नियत साफ हवी. आरशासाठी कमावलेले शरीर आरशाचे गुलाम होते. दुसऱ्याला दाबण्यासाठी कमावलेले बळ तर निर्बळतेहून वाईट. खरा बलवान तो नव्हे जो कुस्तीत समोरच्याला पाडतो, तर तो जो रागात स्वतःला आवरतो, या आशयाची हदीस आम्ही मुलांना शिकवतो. बलवान मोमिन हा दुर्बळाहून अल्लाहला अधिक प्रिय, या आशयाचीही एक हदीस आहे. ती तालमीत हौसेने सांगितली जाते. पण तिच्यात पुढे दोघांतही भलाई असल्याचे सांगितले आहे, ते विसरू नये. आजारी, अपंग, थकलेल्या माणसाला त्याच्या दुर्बळतेचा ताना मारायचा हक्क बळ कमावलेल्याला मिळत नाही. यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्या आमच्या पालकांना आम्ही व्यायामाचा उपदेश करत नाही. त्यांना प्रेरणा कमी पडत नाही, विश्रांती आणि पोटभर सकस अन्न कमी पडते.

गामा पहिलवानांचे नाव आमच्या दादांच्या तोंडी नेहमी असे. १९१० मध्ये लंडनला ते झ्बिश्कोशी लढले. तो दोन तासांहून अधिक वेळ मातीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळात त्याच झ्बिश्कोला त्यांनी मिनिटभराच्या आत चीत केले. त्यांच्या हजारो बैठकांच्या कथा आहेत. पण दादा शेवटी वेगळीच गोष्ट सांगत. १९४७ च्या फाळणीत लाहोर पेटले असताना गामा आपल्या मोहल्ल्यातल्या हिंदू शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी उभे राहिले, असे सांगतात. लहानपणी आम्हाला झ्बिश्कोची गोष्ट आवडे. आता दुसरी आवडते. इतक्या वर्षांच्या बैठका कदाचित त्या एका दिवसासाठीच होत्या, असे वाटते.

हे सगळे आम्ही घरी मोठ्या उत्साहाने बोलत होतो. आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पहाटे तुम्ही बैठका मारता तेवढ्यात मी खालच्या नळावरून चार कळशा वर आणते. माझ्या बैठका कोण मोजतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्या व्यायामाचा अर्धा तास कुठून आला होता, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. तो त्यांच्या झोपेतून आला होता. ज्या बळासाठी घरातल्या दुसऱ्या माणसाला थकावे लागते, ते बळ नेमके कुणाचे? शरीर ही अमानत आहे, त्याचा आपल्यावर हक आहे, हे आम्ही वाचले होते. पण त्यांच्याही शरीराचा त्यांच्यावर हक आहे आणि अम्मींच्या गुडघ्यांचाही. दुसऱ्या दिवसापासून कळशा आमच्याकडे आल्या. चार कळशा दोन मजले चढवणे हा काय व्यायाम आहे, ते वाचकांपैकी ज्या भगिनी रोज करतात त्यांना सांगायला नको. असरनंतर सौभाग्यवती, अम्मी आणि शेजारच्या दोघी कालव्यापर्यंत चालून येतात. पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या दोघातिघांनी वळून पाहिले. आता पाहत नाहीत.

शेवटी एक कबुली. आमच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास आहेत. मागे परीक्षा जवळ आली की ते तास आम्हीच गणितासाठी मागून घेत असू. मुलांचे तास घ्यायला थोडा संकोच वाटे, मुलींचे घेताना तोही वाटत नसे. त्यांना कुठे खेळायचे आहे, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले होते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल सांगते, आणि आम्ही आठवड्याचे दोन तासही हिरावून घेत होतो. एका तालमीसाठी दुसरी बुडवत होतो. गेल्या वर्षापासून तो तास आम्ही मागत नाही. सातवीच्या मुली पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कुणाला काही मन नव्हते. घंटा झाली म्हणून आल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात दोरीवरच्या उड्यांसाठी नंबरावरून भांडणे सुरू झाली, तेव्हा आम्हाला वस्ताद आठवले.

आम्ही पहिलवान झालेलो नाही, होणारही नाही. सध्या पन्नास बैठकांवर आहोत. काही दिवस चुकतात. सकाळी उठताना मन अजूनही कुरकुरते. फरक एवढाच, की आता आम्ही त्याची परवानगी मागत नाही.

कब्रस्तानाची ती चढण तिथेच आहे. आज ना उद्या कुणाला तरी खांदा द्यावा लागणार आहे. कुणा आजाऱ्याला जिन्यावरून उतरवावे लागेल, कुणाच्या दारापुढे उभे राहावे लागेल. तो दिवस सांगून येणार नाही. त्या दिवसासाठी आजच्या बैठका आहेत. मन लागले तर चांगलेच. नाही लागले, तरी घंटा झाली आहे.