नैवेद्य आणि आग्रह

कुलदेवतेच्या वार्षिक समाराधनेस आम्ही बेळगावहून सहकुटुंब गोव्यास जातो. गेल्या खेपेस पंक्तीत आमचा आठ वर्षांचा चिरंजीव आमच्या शेजारी बसला होता. खतखते झाले, वरणभात झाला. मणगणे वाढणारे गृहस्थ वाकून प्रेमाने म्हणाले, "आनी इल्लें घे रे!" मुलाने आमच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "बाबा, माझं पोट भरलं का?"

पंक्तीत हशा पिकला. आम्हीही हसलो. परंतु घाट चढून घरी पोहोचेपर्यंत त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. स्वतःच्या पोटाची वार्ता या मुलास बापाकडून का घ्यावी लागावी? उत्तर आम्हांस ठाऊक होते. आठ वर्षे त्याच्या ताटापुढे बसून आम्ही व त्याच्या मातोश्रींनी हेच शिकविले होते. 'एवढा घास संपव', 'पान स्वच्छ झाले पाहिजे', 'भाजी खाल्लीस तर पेढा मिळेल'. आणि अलीकडे त्याचे अंग सुटू लागल्यावर त्याच तोंडाने, 'आता पुरे, किती खातोस!' भूक कधी लागावी आणि कधी शमावी, याचा निवाडा नेहमी आमच्याच न्यायासनावरून होत आला होता.

यात आमच्या वडीलधाऱ्यांस दोष देण्याचा हेतू नाही. १९६५ व १९६६ ही लागोपाठची दोन अवर्षणाची वर्षे ज्या आजीने संसार सांभाळून काढली, तिच्या लेखी नातवाच्या पानातील शीतही वाया जाणे हे पाप होते. तिचा आग्रह तुटीच्या दिवसांतून जन्मलेली माया होती. पण दिवस पालटले, डबे भरले, आणि आग्रह मात्र तसाच राहिला.

या विषयाचा अभ्यास जगात पुष्कळ झाला आहे. अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बालकांपुढे निरनिराळे साधे पदार्थ मांडून, हवे ते व हवे तितके खाण्याची त्यांस मुभा दिली. १९२८ व १९३९ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुले कोणाच्याही आग्रहावाचून उत्तम वाढली. मात्र त्या पदार्थांत मिठाई नव्हती. निवड मुलांची असली तरी यादी मोठ्यांची होती, आणि खरी मेख त्या यादीतच आहे, हे बाईंनी स्वतःच सांगून ठेवले. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, तीन वर्षांच्या मुलांस कितीही वाढले तरी ती आपल्या भुकेपुरतेच खातात. पाच वर्षांची मुले मात्र जास्त वाढले की जास्त खातात. म्हणजे आतला आवाज ऐकण्याची जी विद्या मूल जन्मतः घेऊन येते, ती शाळेत जाण्याच्या वयापर्यंत विसरू लागते. लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखविले की, एखादा खाऊ डोळ्यांसमोर ठेवून त्यावर बंदी घातली तर मुलांचे मन त्याच खाऊभोवती अधिक घोटाळते. सक्ती आणि बंदी ही एकाच सत्तेची दोन रूपे होत.

येथे वकिली सावधगिरीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मूल स्थूल झाले म्हणून आईस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्याय होईल. वजनात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. शिवाय कृश मुलाची आई आग्रह करते आणि स्थूल मुलाची आई हात आखडता घेते. तेव्हा कारण कोणते व कार्य कोणते, हे नेहमी उलगडत नाही. हेही विसरता येत नाही की, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी पस्तीसांहून अधिक मुले वयाच्या मानाने खुरटलेली आढळली, तर वाजवीपेक्षा जास्त वजनाची तीन-चारच. ज्या घरी अन्नच अपुरे आहे तेथे हा सगळा विचार अप्रस्तुत आहे, आणि मूल वाढत नसेल तर वैद्याकडेच गेले पाहिजे. आमचा प्रश्न भरल्या घरांपुरता आहे.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या १७ व्या कलमात असे तत्त्व आहे की, पालक नेमताना पाल्याचे हित पाहावे. आणि पाल्य समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय तिचाही विचार करू शकते. स्वतःचा पालक कोण असावा, याविषयी ज्याचे म्हणणे कायदा ऐकून घेतो, त्याचे स्वतःच्या भुकेविषयीचे म्हणणे आम्ही ऐकू नये काय? मुलाची भूक ही आमच्याकडे सोपविलेली ठेव आहे. विश्वस्ताने ठेव राखावयाची असते. तिचा मालक व्हावयाचे नसते.

मग आईबापांनी करावे काय? काय शिजवावे, केव्हा वाढावे, कोठे बसून जेवावे, हे आम्ही ठरवावे. त्यातले किती खावे हे मुलाने ठरवावे. पेढा सणाचा असावा, भाजीची लाच नसावा. पान वाया जाऊ नये असे वाटत असेल तर प्रथम थोडे वाढावे व मागितल्यास पुन्हा वाढावे.

ही रीत आपल्यास परकी नाही. रोज देवळात ती आपण पाहतो. नैवेद्य निगुतीने रांधतात, देवापुढे ठेवतात, आणि मग पडदा ओढतात. देवाने किती घेतले, हे पडदा सारून कोणी तपासीत नाही. अर्पण करणे आपले, स्वीकारणे त्याचे. जो विश्वास आपण देवावर टाकतो, तो घरातल्या बालकृष्णावर टाकण्यास आपले मन का कचरते?

परवा रात्री चिरंजीवांनी अर्धी पोळी पानात ठेवली आणि आमच्याकडे पाहिले. ओठांवर आलेला शब्द आम्ही मोठ्या कष्टाने गिळला व आमटीची वाटी पुढे ओढली. क्षणभर थांबून तो म्हणाला, "मला पुरे." आणि हात धुवायला उठला.