जिवंत चेहऱ्यावरची कवटी

चेहऱ्यावर रंगांनी कवटी काढण्याची कला मेक्सिकोच्या मृतांच्या सणातून जगभर गेली आणि आता आपल्याकडच्या रंगभूषाकारांच्या हातातही आली आहे. नांदेडकडच्या उमरीसारख्या गावात ऐन नवरात्रात कोणी असा चेहरा रंगवून चौकात आला, तर वडीलधारी माणसे त्याला अभद्र म्हणतील. आक्षेप धर्माच्या नावाने घेतला जाणार, तेव्हा उत्तरही धर्माच्याच अंगाने शोधले पाहिजे. मला वाटते, जाणतेपणाने काढलेली कवटी हा मरणचिंतनाचाच एक प्रकार आहे, आणि अशा चिंतनाला आपल्या परंपरेने कधीच दार लावलेले नाही.

आधी ही कवटी काढतात कशी, ते पाहू. मुखवटा बाहेरून चढवता येतो, कवटी मात्र त्या माणसाच्या हाडांवरूनच काढावी लागते. चित्रकार बोटांनी गालाचे हाड, कानशिलाचा खोलगटपणा, भुवईखालची कड आणि जबड्याचा कोन चाचपतो. मग छायाप्रकाशाचा साधा नियम कामाला येतो: उंचवट्यावर पांढरा, खोलगटात काळा, आणि दोहोंच्या मध्ये कोळशाच्या चित्रात असते तशी विरत जाणारी करडी छटा. काहीजण शाईच्या रेखाटनासारखे आडव्याउभ्या रेघांचे जाळे विणून गाल आत ओढतात; ओठांवरून उभ्या रेघा मारल्या की दात दिसू लागतात. लिओनार्दोने १४८९ च्या सुमारास कवट्या छेदून त्यांची रेखाटने केली, तेव्हा चेहरा कशावर उभा आहे हे त्याला जाणून घ्यायचे होते. इथे तोच शोध जिवंत माणसावर चालतो. जी आकृती वर उमटते ती आत आधीपासूनच असते, आणि माझ्या मते या कलेचे सगळे तात्त्विक बळ तिथेच आहे. मरण बाहेरून येऊन आपल्याला गाठते असे आपण समजतो. इथे रंगवलेला माणूस बोलतो, हसतो, आणि त्याच्या हसण्याबरोबर त्याची कवटीही हलते.

हे अभद्र आहे का? उमरीपासून किनवटपर्यंत अनेक घरांची कुलस्वामिनी माहूरची रेणुका आहे. तिथे पूजा होते ती फक्त शेंदूर माखलेल्या मुखाची. कथा सांगते की पुत्र परशुरामाने तिचे मस्तक उडवले आणि ती पुन्हा जिवंत झाली. पुढे तिचे पती जमदग्नी यांच्या अंत्यसंस्काराच्या जागी ती भूमीतून वर येत असता परशुरामाने मागे वळून पाहिले आणि मुखच तेवढे वर राहिले. चितेच्या भूमीतून आलेले हे मुख आपण मंगल मानतो. वेरूळच्या एकविसाव्या, रामेश्वर लेण्यात सप्तमातृकांच्या जवळच काल आणि काली हाडांच्या सापळ्यांच्या रूपात कोरले आहेत. फासळी न् फासळी मोजता येईल इतके मन लावून. बौद्ध आचार्य बुद्धघोषाने पाचव्या शतकात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात दहा अशुभ ध्यानविषय सांगितले, त्यांतला शेवटचा हाडांचा सापळा. आणि तुकोबांच्या गाथेत स्वतःचे मरण पाहिल्याचा आनंद आहेच.

याहून टोकदार आक्षेप कुंकवाचा आहे. कवटी काढताना कपाळ पांढरे करावे लागते. सवाष्णीचे कुंकू त्याखाली जाते, आणि आपल्याकडे हे अपशकुनाचे मानतात. पण ज्या कुंकवाने सवाष्ण आणि विधवा वेगळ्या काढल्या, त्याची खूण हाडावर नसते. गंध, बुक्का, जातीची ओळख यांचीही नसते. कवटी हे दाखवते म्हणून ती नकोशी वाटत असेल, तर तो नकोसेपणा धर्माचा नव्हे, रूढीचा आहे. भीती समजू शकते. तिला शास्त्राचे नाव देणे मला मान्य नाही.

कोणी म्हणेल, ही परक्यांची हौस, साबणाने धुऊन निघते, तिच्यात कसले आले चिंतन? पण मेक्सिकोच्या होसे ग्वादालूपे पोसादा याने विसाव्या शतकाच्या आरंभी भपकेबाज हॅट घातलेल्या स्त्रीचा सांगाडा कोरला. दिएगो रिव्हेराने १९४७ मध्ये भित्तिचित्रात तिला पूर्णाकृती केले. मूळ चित्राचा रोख उसन्या श्रीमंतीवर होता, म्हणजे हौसेच्याही मुळाशी विचार होताच. आणि धुऊन निघणे हा दोष असेल तर आपल्या पार्थिव गणपतीलाही तो लागू होईल.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबतो. नांदेड-लातूर भागात कर्जापायी आणि नापिकीपायी शेतकऱ्यांनी जीव दिला आहे. त्या घरांना मरणाची आठवण करून द्यावी लागत नाही. बौद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात भिक्खू स्मशानातले प्रेत पाहतो आणि लगेच नजर स्वतःच्या देहाकडे वळवतो: हाही असाच होणार. ही साधना आपल्यापुरती आहे, दुसऱ्याच्या दुःखावर तिचा प्रयोग करायचा नसतो. म्हणून कवटी स्वतःच्या चेहऱ्यावर, स्वतःच्या इच्छेने काढावी. गावातल्या गेलेल्या माणसाचे सोंग म्हणून कधीच नाही. आणि ज्या आळीत सुतक चालू आहे, तिथे चेहरा धुऊनच जावे.