शवपेटीचे तिकीट

नोव्हेंबर हा आपल्या मृतांचा महिना. कबरी साफ होतात, फुले-मेणबत्त्या येतात आणि कबरस्तानाच्या फाटकाशी थोडी कुजबुजही होते: अमक्याला काचेची सजवलेली गाडी आणली होती, तमक्याला साध्या टेम्पोतून नेले. मयताला थाट हवा की नको, हे आपण उघडपणे बोलत नाही. मनात मात्र मोजत राहतो.

लंडनमध्ये हे मोजमाप चक्क तिकिटावर छापलेले असे. शहरातील चर्चची आवारे प्रेतांनी भरून गेली, वर कॉलऱ्याची साथ. तेव्हा १८५४ च्या नोव्हेंबरात वॉटर्लूजवळून ब्रुकवूडच्या दफनभूमीपर्यंत मयतांची रेल्वे सुरू झाली. शवपेटीचे भाडे पहिल्या वर्गाला १ पौंड, दुसऱ्याला ५ शिलिंग, तिसऱ्याला अडीच शिलिंग. नातेवाइकांना परतीचे तिकीट मिळे, शवपेटीला अर्थातच एकेरी! शवपेट्यांच्या डब्यातही वर्गानुसार वेगळे कप्पे होते. अँग्लिकन लोक दक्षिणेकडच्या स्थानकावर उतरत. आपले कॅथोलिक, इतर पंथीय, ज्यू आणि पारशी उत्तरेकडच्या. (आपल्या मुंबईचे जमशेटजी टाटा १९०४ पासून तिथल्याच पारशी दफनभूमीत विसावले आहेत.)

तरीही १८४२ मध्ये, अशा रेल्वेची नुसती कल्पना निघाली तेव्हा, लंडनचे अँग्लिकन बिशप ब्लोमफिल्ड यांनी संसदीय समितीपुढे हरकत घेतली होती. एखाद्या बदफैली माणसाची शवपेटी सभ्य घरातील मयताबरोबर एकाच गाडीतून जाईल, ही त्यांची चिंता! आपल्याला हसू येते. पण आपण तरी त्यांच्यापासून किती लांब आहोत?

एक गोष्ट मात्र आम्हाला विचारात पाडते. तिसऱ्या वर्गाने जाणारे बहुधा धर्मग्रामाच्या खर्चाने पुरले जाणारे गरीब. त्यांच्या कबरीवर दगड बसवण्याची परवानगी नव्हती. परंतु ब्रुकवूडला प्रत्येकाला स्वतंत्र कबर मिळे. लंडनमध्ये त्याच गरिबांना एका खड्ड्यात एकावर एक रचत. मग सन्मान कशात होता? गाडीच्या वर्गात, नावाच्या दगडात, की स्वतःच्या साडेतीन हात जागेत? आम्हाला वाटते, जागेत. दगडाविषयी आमचे मन अजून ठरत नाही, कारण नाव वाचता आले तर प्रार्थना करायला सोपे जाते.

एप्रिल १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात लंडनचे ते स्थानक उद्ध्वस्त झाले आणि ती रेल्वे पुन्हा नियमित सुरू झाली नाही. पहिल्या वर्गाच्या प्रवेशद्वाराची इमारत मात्र अजून उभी आहे.

मागे आमच्या शेजारी एक म्हातारी आई वारली. रात्री मुलाने बाहेर बोलावून विचारले, "साधी गाडी आणली तर लोक काय म्हणतील?" आम्ही गप्प राहिलो. त्याने पतपेढीतून कर्ज काढले. गाडी खरोखर सुंदर होती, आणि त्याच्या मायेविषयी आम्हाला तिळभर शंका नाही. हप्ते तो अजून फेडतो आहे. त्या रात्री आपण काय बोलायला हवे होते, यावर आमचे घरात अजूनही एकमत होत नाही.