सड्यावरील शेती आणि गैरहजर धनी

हेदवीचे नाव निघाले की परगावच्या माणसास दशभुजा लक्ष्मीगणेशाचे देऊळ आठवते, फार तर उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ, जिच्या अरुंद भेगेत भरतीचे पाणी कोंडून उंच उसळते. परंतु देवदर्शन आटोपून, नारळी-पोफळीची आगरे मागे टाकून जो मनुष्य घाटी चढून गुहागर तालुक्याच्या कातळी सड्यावर येतो, त्याला याच तालुक्याचे दुसरे आणि पुष्कळ रुक्ष असे रूप पाहावयास मिळते. उंची म्हणावी तर काहीच नाही. घाटमाथ्यावरचे लोक तिला टेकाड म्हणून सोडून देतील. तथापि येथील दुर्गमता फुटांत न मोजता मातीच्या थरात आणि वैशाखातल्या पाण्याच्या अंतरात मोजावी लागते. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ज्या जिल्ह्यावर कोसळतो, त्याच जिल्ह्यातील वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, कारण जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवीत नाही आणि समुद्र हाकेच्या अंतरावर ते घेण्यास बसलेलाच असतो.

अशा जमिनीतून पीक काढण्याची जी रीत कोकणाने पिढ्यानुपिढ्या जोपासली, तिच्यातील कष्टांचा अंदाज शहरी वाचकास सहसा नसतो. ऐन-किंजळीच्या फांद्या तोडून कवळ वाळवायची, शेण, कवळ, गवत आणि वर बारीक माती असे थर रचून उन्हाळ्यात राब भाजायचा, त्या भाजलेल्या जमिनीवर भाताचा तरवा टाकायचा आणि रोपे वाढली की खाचरात गुडघाभर चिखलात, पाठीवर इरले घेऊन, वाकून वाकून लावणी करायची. उतारावरच्या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग तीळ अथवा हरीक आणि त्यानंतर काही वर्षे जमीन ओसाड टाकून तिला पुन्हा रान येऊ द्यायचे, हा क्रम. नांगर तेवढा पुरुषाच्या हाती. बाकीच्या कामात वाकलेल्या पाठी मोजल्या तर त्या बहुतांशी बायकांच्याच निघतात. यात नवल नाही, कारण पुरुष गावात नसतोच.

तो मुंबईस असतो. आगबोटीच्या काळात दाभोळ वा जयगडच्या बंदरातून तो भाऊच्या धक्क्यावर उतरे, गिरणीत साच्यावर उभा राही, खाणावळीत जेवे, गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने निजे आणि महिन्याच्या महिन्यास मनिऑर्डर धाडी. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने ही व्यवस्था खिळखिळी केली, पण मोडली नाही. गिरणीची जागा पहारेकऱ्याच्या, वाहनचालकाच्या, कचेरीतल्या शिपायाच्या नोकरीने घेतली. 2001 ते 2011 या दशकात, देशाची लोकसंख्या वाढत असताना, रत्नागिरी जिल्ह्याची 16,96,777 वरून 16,15,069 वर उतरली आणि दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया मोजल्या गेल्या. या दुसऱ्या आकड्याचे कौतुक करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, येथे स्त्रिया अधिक झाल्या नसून पुरुष उठून गेले आहेत.

मनिऑर्डरीने घर तगले, मुलीचे लग्न झाले, कौले चढली. मग तोच पैसा जमिनीत का मुरला नाही? कोकणी माणसाच्या आळसाचे जे स्पष्टीकरण घाटावर फार लोकप्रिय आहे, ते मला मुळीच पटत नाही. उत्तर जमाबंदीच्या दप्तरात आहे. खोतीच्या अमलात कुळाने अर्धेल, तिर्धेल भरावी, वर वेठ करावी आणि बांध सुधारला तर सुधारणेचा लाभ खोताने न्यावा, असा न्याय असता जमिनीवर पैसा घालणे मूर्खपणाचेच ठरले असते. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. पुढे कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरविला आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व रूढ झाले. तत्त्व निर्दोष होते. परंतु कसणारा म्हणून दप्तरी नाव चढले ते परळच्या चाळीत राहणाऱ्या घरधन्याचे, आणि जी खरोखर कसत होती ती त्याची बायको सरकारी दृष्टीने त्याच्या घरातली एक व्यक्ती एवढीच उरली.

त्यानंतर धनी वारला, मुले चार दिशांना गेली, नातवंडे विरार-डोंबिवलीस स्थायिक झाली, आणि आज अशा एखाद्या जमिनीचा सातबारा काढावा तर त्यावर नावांची रांग आणि आण्या-पैतले हिस्से सापडतात; काही नावांचे धनी कधीच निवर्तलेले, काहींच्या वारसांची नोंद नाही, आणि वाटप तर कुणाच्या हयातीत झालेले नाही. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना 1990 च्या सुमारास आली, तेव्हा शंभर टक्के अनुदानावर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या खऱ्या. परंतु सामाईक जमिनीत कलम लावायचे तर सहहिस्सेदारांची संमती हवी, आणि वाडीत राहणारी विधवा चुलती ती संमती गोळा करीत कोठकोठे हिंडणार? काजूचे कलम तीन-चार वर्षांनी, आंब्याचे त्याहून उशिरा हाती पैसा देते. ज्या जमिनीतून आपल्याला उद्या कोणी ऊठ म्हणेल, तीत असे झाड कोण लावील? वानरांचा आणि रानडुकरांचा उपद्रव वाढला हे खरेच, परंतु पडीक रान वाढले म्हणून तोही वाढला, हे विसरता कामा नये.

या संदर्भात मला सुमात्रा बेटाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखाची आठवण होते. मरापी आणि सिंगालांग या ज्वालामुखींच्या कुशीत भातखाचरे कसणारे मिनांगकाबाऊ लोकही आपली तरुण मुले परमुलखी धाडतात. इंडोनेशियाच्या शहराशहरांतून दिसणाऱ्या पाडांगच्या खाणावळी त्यांच्याच. धर्माने ते निष्ठावंत मुसलमान आहेत, आणि तरीही वडिलोपार्जित जमीन त्यांच्यात आईकडून मुलीकडे जाते. ती विकावयाची नसते. गहाणही ठरावीक प्रसंगीच टाकता येते. म्हणजे मुलगा देशोधडीला गेला तरी जी मागे राहते, तिचा हक्क जागचा हलत नाही. ही व्यवस्था स्वर्गीय आहे असे मी म्हणणार नाही. तेथेही कारभाराची सूत्रे पुष्कळदा मामाच्या हाती असतात, आणि कुळाची सामाईक जमीन तारण म्हणून बँकेला फारशी रुचत नाही. पण आपण पुरुषाला परगावी धाडण्याची त्यांचीच चाल स्वीकारली आणि तिला सावरून धरणारा दुसरा अर्धा भाग तेवढा घेतला नाही.

तो घेण्यास कायद्याची आडकाठी आता उरलेली नाही. मुलीचा समान हिस्सा महाराष्ट्राने 1994 साली आणि देशाने 2005 साली मान्य केला. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून शेतकऱ्यांस आपल्या हाताने पत्नीच्या नावे जमीन करून द्यावयास लावले होते. कोकणात मात्र त्या चळवळीचा जोर पोचला नाही, आणि माहेरचा हिस्सा मागणारी बहीण अजून भांडखोर ठरते. मुलीचे नाव सातबारावर चढते ते बहुधा हक्कसोड लिहून घेण्यापुरतेच! दरम्यान जमिनीचे दलाल सड्यावर फिरत असतात, आणि ज्यांनी त्या जमिनीत कधी पाऊल भिजवले नाही अशा हिस्सेदारांना एका रकमेचा मोह घालणे त्यांना अवघड जात नाही.

महसूल अधिनियमाच्या कलम 85 अन्वये सहमतीने वाटप तहसीलदारापुढे करून घेता येते. अडचण एवढीच की सर्व हिस्सेदार एका जागी सापडावे लागतात, आणि सड्यावरच्या घरात ते सापडतात गौरी-गणपतीच्या पाच-सात दिवसांत, फार तर शिमग्याची पालखी घरी येते तेव्हा. चाकरमान्यांसाठी जादा गाड्या सोडण्याची तजवीज सरकार दरसाल करते. त्याच दिवसांत तलाठी आणि मंडळ अधिकारी यांनी वाडीवाडीतून दप्तर घेऊन बसावे, वारसनोंदी तेथल्या तेथे घ्याव्यात, आणि वहिवाट करणाऱ्या बाईचे म्हणणे सर्व सह्यांच्या आधी लिहून घ्यावे, असा आदेश काढण्यास नवा कायदा लागत नाही.