दुधाला दर, वैरणीला वाली कोण?

दुधाचे आंदोलन पेटले की रस्त्यावर दूध ओतल्याची छायाचित्रे छापून येतात आणि चर्चा लिटरच्या दरापाशी सुरू होऊन तिथेच संपते. 2018 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये सरकारने लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान देऊन वेळ निभावली. पण दुधाच्या उत्पादनखर्चातला साठ-सत्तर टक्के वाटा वैरणीचा आणि पेंडीचा असतो. त्यांच्या दरासाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही.

हिशेब मांडून पाहू. दहा लिटर देणाऱ्या संकरित गाईला शरीरपोषणासाठी दीड किलो आणि लिटरमागे सुमारे 400 ग्रॅम, असे दिवसाला साडेपाच किलो पशुखाद्य लागते. दूध 30 रुपये लिटर आणि गोळी पेंड 30 रुपये किलो धरली, तर 300 रुपयांच्या दुधातले 165 पेंडीतच जातात. उरलेल्या 135 रुपयांत ओला चारा, कडबा, डॉक्टर, गाय भाकड असतानाचे महिने आणि घरच्या बाईची पहाटेपासूनची राबणूक बसवायची. वैरण विकतची असेल, तर काहीच उरत नाही.

ती विकतची झाली कशी? जुना शेतकरी ज्वारी पेरताना दाण्याइतकाच कडब्याचा विचार करी. मंगळवेढ्याकडची मालदांडी आजही दोन्हींसाठी नावाजलेली आहे. 1964 च्या सीएसएच-1 पासून संकरित वाणांनी दाणा वाढवला, ताट मात्र ठेंगणे केले. पुढे सोयाबीन आणि उसाने ज्वारीची जमीन घेतली. एके काळी राज्यात साठ लाख हेक्टरांवर असलेली ज्वारी आता वीस लाखांच्याही खाली आहे. त्याच दशकांत, 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरळी कांचनला उभ्या केलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांमुळे संकरित गाय दारोदार पोचली. दूध वाढले, गाईची भूक वाढली आणि तिला पुरवणारे शेतच आटले. ऊसपट्ट्यात हंगामभर वाढ्यांवर भागते. पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे जनावराच्या अंगातले कॅल्शियम कमी होते आणि गाळप संपले की वाढेही संपतात.

उरतो बाजार. दुधाचे फॅट दशांशापर्यंत मोजून पैसे कापले जातात. कडबा मात्र शेकड्यावर विकतात आणि पेंढी केवढी असावी याला माप नाही. सुगीत ज्याच्या हाती रोकड असते, तो गंजी रचून ठेवतो. दहा दिवसांच्या बिलावर जगणारा मे महिन्यात, दर चढल्यावर, थोडा थोडा घेतो. ज्याची ऐपत कमी, त्यालाच वैरण महाग पडते. सरकी पेंडीचे तर अकोला केंद्र धरून वायदेही होतात. दोन गाईंचा धनी त्या बाजारात फक्त अंतिम भाव मोजायला असतो.

सरकारला कडब्याची किंमत कळत नाही, असे नाही. हमीभावासाठी ज्वारीचा उत्पादनखर्च काढताना त्यातला कडब्याचा हिस्सा वेगळा केला जातो, म्हणजे दाण्याचा खर्च तेवढा कमी दिसतो. 2024-25 साठी मालदांडीला क्विंटलमागे 3,421 रुपये जाहीर झाले. कडब्याला काहीच नाही. 2019 च्या दुष्काळात चारा छावणीत मोठ्या जनावरामागे दिवसाला 100 रुपये सरकारनेच दिले. चाऱ्याला मोल येते ते टंचाई जाहीर झाल्यावरच.

म्हणून पुढचे अनुदान ठरवण्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात. बाजार समित्यांनी कडबा वजनावर विकायला लावावा आणि रोजचा दर जाहीर करावा. दूध संघांनी सुगीत कडबा आणि मुरघास घेऊन सभासदांना द्यावा, पैसे दुधाच्या बिलातून वळते करावेत. ज्वारीच्या नव्या वाणाची शिफारस करताना दाण्याबरोबर कडब्याचे वजन आणि पचनीयताही तपासावी. यातले काही अवघड नाही. हे होत नाही तोवर लिटरमागचे पाच रुपये गोठ्यातून पेंडवाल्याकडेच जात राहतील.