थांबण्याची शक्ति

व्यवहारांतील न्यायाविषयीं सर्वसाधारण समजूत अशी आहे कीं, देणारा राजी आणि घेणारा राजी असला म्हणजे तिसऱ्यानें त्यांत बोलण्याचें कारण उरत नाहीं. कोणीं कोणावर सक्ति केली नाहीं, वजनकांट्यांत खोट नव्हती, मग ठरलेली किंमत कितीहि कमी असो, ती न्याय्यच म्हटली पाहिजे. ही समजूत वरवर निर्दोष दिसते. परंतु उभयतांची राजीखुशी एकाच मोलाची असते काय, हा प्रश्न तींत अस्पर्शच राहतो. तो तपासावयाचा असेल, तर नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षां वैशाख-ज्येष्ठांतील एखादें शेत अधिक उपयोगी पडेल.

नांदेड जिल्ह्यांतील हदगांव तालुक्याचें उदाहरण घेऊं. पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या कालव्याचें पाणी या बाजूस ज्या पट्ट्यास मिळतें, त्या हदगांव-अर्धापूरकडील शिवारांत केळी आणि हळद हीं दोन पिकें शेजारीं शेजारीं होतात, आणि एकाच कुटुंबाच्या शेतांत तीं दोन्ही असणें नवलाचें नाहीं. मृगाच्या सुमारास लावलेली केळीची बाग साधारण वर्षभरानें, म्हणजे पुढील उन्हाळा सरतां सरतां, कापणीस येऊं लागते. हळद त्यापूर्वींच खणून, शिजवून, वाळवून पोत्यांत भरलेली असते. भर उन्हाळ्यांत त्या कुटुंबाचें एक पीक शेतांत उभें असतें व दुसरें घरांत पडून असतें. या दोन पिकांचे स्वभाव मात्र अगदीं भिन्न आहेत.

केळीचा घड भरला म्हणजे तो कोणासाठीं थांबत नाहीं. दूरच्या शहरीं पाठवावयाचा तो कच्चाच कापावा लागतो. कापणी लांबली तर तो झाडावरच पिकूं लागतो, आणि पिकलेला घड लांबच्या प्रवासास निरुपयोगी होतो. त्यांत मराठवाड्याचें ऊन. पारा चाळीस अंशांपुढें गेला कीं पानें करपतात, आणि वळवाच्या वाऱ्याचा एक झोत आला कीं घडाच्या भारानें वांकलेलीं झाडें कमरेंत मोडतात. बागेभोंवतीं शेवरीची दाट ओळ लावून शेतकरी वारा अडवूं पाहतो, पण प्रत्येक वादळ तिला जुमानतेंच असें नाहीं. अशा दिवसांत व्यापारी बागेंत येतो. तो दुष्ट असतो असें मुळींच नाहीं. गाडीभाडें, वाटेंतील नासाडी, पुढच्या बाजारांतील मंदी हीं ओझीं त्याच्याहि डोक्यावर असतात. परंतु येथें भाव पटला नाहीं, तर तो दुसऱ्या बागेंत जाऊं शकतो. बागायतदाराला बाग उचलून नेतां येत नाहीं व ऊनहि थोपवितां येत नाहीं. अखेर त्यानें ‘हो’ म्हटलें हें खरें; पण ‘नाहीं’ म्हणण्याची शक्ति त्याच्यापाशीं नव्हती, हेंहि तितकेंच खरें.

हा विचार व्यापाराच्या शत्रूंनींच काढला आहे असें कोणी समजूं नये. मुक्त व्यापाराचा मोठा पुरस्कर्ता अ‍ॅडम स्मिथ यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत मालक व मजूर यांच्या झगड्याचें वर्णन करतांना स्पष्ट दाखविलें आहे कीं, मालक सांठविलेल्या धनावर वर्ष-दोन वर्षें तग धरूं शकतो, तर पुष्कळ मजुरांस कामावांचून आठवडाहि काढतां येत नाहीं. ज्याला थांबतां येतें, त्याच्याच बाजूला सौदा झुकतो.

मग हळदीचें काय? ती तर थांबूं शकते. सांगलीजवळील हरिपूर येथें जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद सांठवीत असत. त्यांपैकीं अनेक पेवें २००५ च्या महापुरांत निकामी झालीं. हळद चांगली वाळविली तर दीर्घकाळ टिकते. तथापि हदगांवचें तें कुटुंब तीच हळद उन्हाळ्यांतच हिंगोली किंवा वसमतच्या बाजारांत घेऊन जातें, कारण मृग जवळ आलेला असतो. बियाणें व खत घ्यावयाचें असतें, जुनें पीककर्ज फेडल्याशिवाय नवें मिळत नाहीं, मुलीच्या महाविद्यालयाची फी तोंडावर आलेली असते. माल थांबतो, पण घर थांबूं शकत नाहीं. यावरून असें दिसतें कीं, थांबण्याची शक्ति केवळ वस्तूच्या टिकाऊपणांत नसते. ती धन्याच्या गांठीं असलेल्या चार पैशांत असते.

ही शक्ति बाहेरून देतां येते. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळानें १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालविली आहे. हळदीसारखा माल बाजार समितीच्या गोदामांत ठेवून त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठीं उचलावी, आणि भाव पाहून माल विकावा, असें तिचें स्वरूप आहे. यांत दान नाहीं आणि दयाहि नाहीं. यांत केवळ ‘आज नको’ म्हणण्याची सवड आहे. केळी मात्र गोदामांत ठेवतां येत नाहीं. केंद्र सरकार ज्या पिकांस किमान आधारभूत किंमत जाहीर करतें, त्यांत केळी नाहीं आणि हळदहि नाहीं. म्हणून नाशवंत पिकाच्या धन्याला सवड द्यावयाची, तर ती कापणीपूर्वींच दिली पाहिजे: भाव आधीं ठरविणारा करार, अनेकांनीं मिळून केलेली विक्री, आणि जवळचें शीतगृह.

हा नियम बागायतदारालाहि सोडीत नाहीं. त्याच्या शेतांत हळद खणणाऱ्या बाया व घड वाहणारे गडी जें विकतात, तें केळीहूनहि नाशवंत आहे. कापलेला घड कांहीं दिवस तरी टिकतो. मजुराचा न विकलेला दिवस संध्याकाळीं संपतो. व्यापाऱ्यानें आपल्या अडचणीचा भाव केला म्हणून जो रागावतो, त्यानें मजुरी ठरवितांना दुसऱ्याच्या अडचणीचा भाव करूं नये.

येथें एक आक्षेप संभवतो. केळें हें गरिबाच्या मुलाचें फळ आहे. तें महाग झाल्यास त्याच्या तोंडचा घांस जाईल. आक्षेप खरा आहे, आणि गरिबास स्वस्त अन्न मिळावें हें समाजाचें कर्तव्यच आहे. परंतु जें समाजाचें कर्तव्य, त्याचा खर्चहि समाजानें उचलावा. ज्याला सर्वांत कमी थांबतां येतें, त्याच्या एकट्याच्या शिवारांतून तो वसूल करणें हा न्याय नव्हे. तसेंच, शहरांतील एखाद्या सहृदय गृहस्थानें हातगाडीवाल्यास चार रुपये अधिक दिल्यानें ही गोष्ट सुटत नाहीं. तें सौजन्य आहे, आणि सौजन्य स्तुत्यच. पण ते चार रुपये हदगांवच्या बागेपर्यंत पोंचतीलच असें नाहीं. दया घेणाऱ्याच्या हातावर कांहीं ठेवते. न्याय त्याला हात मागें घेण्याची मोकळीक देतो.

म्हणून आपल्या घरीं स्वस्त फळ आलें असतां त्याचा आनंद मानूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. एवढेंच कीं, तें स्वस्त कां मिळालें हें विचारण्याची संवय सुशिक्षित कुटुंबांत असावी. पीक उदंड आलें म्हणून मिळालें असेल, तर ती निसर्गाची कृपा. कोणास थांबतां आलें नाहीं म्हणून मिळालें असेल, तर त्या किंमतींतील कांहीं भाग आपण अद्याप दिलेला नाहीं. आणि तारण, सहकार, शीतगृहें यांवर सार्वजनिक पैसा खर्च होऊं लागला, म्हणजे त्यास उधळपट्टी म्हणण्यापूर्वीं ही राहिलेली बाकी आपण आठवली पाहिजे.